शिक्षांची बेरीज

खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा कैदी १४ वर्षांनंतर मुदतपूर्व सुटकेसाठी पात्र ठरू शकतो. ४१ चोऱ्यांत दोषी ठरलेल्या एका तरुणाला मात्र ऐंशीहून अधिक वर्षे गजाआड काढावी लागणार होती. डिसेंबर २०१४ पासून तो आत होता. कबुली दिली की लवकर सुटका होते या समजुतीने त्याने गुन्हे कबूल केले. प्रत्येक खटल्यातली शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे, म्हणजे फार नव्हे. पण या शिक्षा आधीच्या शिक्षांबरोबरच भोगायच्या, असा आदेश न झाल्याने बेरीज वाढत गेली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची सुटका केली, तेव्हा कुठे ती थांबली.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. उत्तर प्रदेशात हापूडच्या न्यायालयाने वीजसाहित्याच्या चोरीच्या नऊ खटल्यांत एकाच आरोपीला प्रत्येकी दोन वर्षे ठोठावली आणि ती एकापाठोपाठ भोगायला लावली. झाली १८ वर्षे! अलाहाबाद उच्च न्यायालयानेही हात झटकले. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शिक्षा एकत्रित केल्या.

अनेक बळी घेणाऱ्याला एकाच शिक्षेत सगळे माफ, असे कोणी म्हणणार नाही. पाच मुलांवर अत्याचार करणाऱ्याने पाचव्या गुन्ह्याची वेगळी किंमत मोजलीच पाहिजे. पण तो निर्णय न्यायाधीशाने विचार करून घ्यायचा असतो, त्याच्या मौनातून आपोआप लागू व्हायचा नसतो. नेमके तेच आजवर होत आले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने यातला अर्धाच भाग दुरुस्त केला. एकाच खटल्यात अनेक गुन्हे सिद्ध झाले, तर त्यांचे गांभीर्य पाहून शिक्षा एकत्रित की क्रमाने, हे न्यायालयाने सांगायचे, असे कलम २५ म्हणते. तिथे एकूण कैदेवर मर्यादाही आहे. पूर्वी ती १४ वर्षे होती, आता २० केली आहे. खटले वेगवेगळे असले की मात्र कलम ४६७ लागते आणि तिथे जुनीच तऱ्हा: न्यायालय काही बोलले नाही, तर नवी शिक्षा जुनी संपल्यावर सुरू. कमाल मर्यादा नाहीच. म्हणजे पोलिसांनी चोऱ्यांचे किती खटले केले, यावर माणसाचे आयुष्य ठरणार. जन्मठेपा एकापाठोपाठ भोगायला लावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१६ मध्येच सांगितले आहे. भुरट्या चोराला तेवढेही संरक्षण नाही. शिवाय दंड न भरल्याची कैद वेगळी, तीही एकत्रित भोगता येत नाही. दंड भरण्याची ऐपत असती, तर यातले बरेच जण वकील करून खटला लढलेच असते.

कलम ४६७ मध्ये कमाल मर्यादा घालणे हे संसदेचे काम आहे आणि ते करावेच. पण कबुलीजबाब घेताना आरोपीवर आणखी किती खटले आहेत, हे दंडाधिकाऱ्यांनी विचारावे, त्याच्याशेजारी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उभा असावा आणि शिक्षा कशी भोगायची, हे निकालात कारणासह लिहावे, एवढ्यासाठी उच्च न्यायालयाचे एक परिपत्रक पुरेसे आहे. ते निघायला अधिवेशनाची गरज नाही.