कुळांचा कुलवृत्तांत

मराठीत ‘कूळ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक कूळ म्हणजे घराणे. दुसरे कूळ म्हणजे परक्याची जमीन खंडाने कसणारा माणूस. पहिल्या कुळाचे कुलवृत्तांत निघतात, त्यांना पुठ्ठ्याची बांधणी होते, मूळ पुरुषापासून वंशवृक्ष काढला जातो. दुसऱ्या कुळाचे नाव तलाठ्याच्या दप्तरात एका रकान्यात पडून राहते. आणि शहाणी माणसे वर म्हणतात, ‘‘शेतकऱ्याच्या घराला कसला आला आहे इतिहास? पेरले, कापले, मेले!’’ वाचकहो, माझे भांडण आहे ते या म्हणण्याशी.

मी महाळुंगे पडवळचा. मॅट्रिक झालेला मास्तर; कादंबऱ्या लिहितो. आमचे गाव लोकांना ठाऊक आहे ते बाबू गेनू सैद याच्यामुळे. १९०८ साली येथल्या शेतकरी घरात तो जन्मला, पोटासाठी मुंबईच्या कापडगिरणीत गेला, आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या मोटारीखाली त्याने देह ठेवला. वय अवघे बावीस! त्याच्यावरची पुष्कळ भाषणे मी ऐकली. त्यांत त्याचे मरण येते. त्याचे घर येत नाही. या मातीतल्या पोराला भाकरीसाठी मुंबई का गाठावी लागली, हे कोणी विचारीत नाही. कारण ते विचारले, तर आपापल्या आजाचेही विचारावे लागेल!

जगात सगळीकडे असे नाही. स्वित्झर्लंडच्या ग्लारूस प्रांतातली गरीब माणसे १८४५ साली अमेरिकेत गेली. प्रांताने दोघांना पुढे धाडून विस्कॉन्सिनमध्ये बाराशे एकर जमीन घेऊन ठेवली होती. त्या वस्तीला त्यांनी ‘न्यू ग्लारूस’ असे नाव दिले. पुढे गहू सोडून त्यांनी गाई पाळल्या, चीज केले आणि सावरले. यांत ना कोणी राजा, ना सरदार. तरी त्यांचे वंशज आपल्या कुटुंबाची हकीकत लिहितात आणि उपासमारीने देश सोडला हे पहिल्याच पानावर सांगतात.

आणि आमच्याकडे? चार पैसे गाठीला आले, की पहिली धडपड आपली वंशावळ सूर्याला नेऊन भिडविण्याची! आजा मुंबईत हमाली करीत होता, हे लग्नाच्या बैठकीत सांगायची चोरी. ज्या पाठीने पोती वाहून घर उभे केले, त्या पाठीची लाज वाटावी? लाज वाटायचीच असेल, तर उसन्या वाडवडिलांची वाटू द्या.

कागद नाहीत, म्हणता? फेरफाराच्या नोंदी काढा. शाळेचे जनरल रजिस्टर उघडा. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या पाहा. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. त्या दिवसाने तुमच्या घराला काय दिले, हे तरी ठाऊक आहे का? तालुक्याला ज्या गावाचे नाव, ते जुने आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि त्या जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनूचे. गाव बुडाले ते पाण्याने. घरांच्या आठवणी बुडतात त्या मात्र आपल्या आळसाने.

आता खरे दुखणे सांगतो. वर्गात मी मुलांना पणजोबाचे नाव विचारले, तर बऱ्याच जणांनी सांगितले. आजीच्या आईचे नाव विचारले, तर वर्ग गप्प. आपल्या वंशवृक्षाला मुलींच्या फांद्याच नाहीत! २००५ सालच्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. तरी हक्कसोडपत्रावर सही करून बहीण रिकाम्या हाताने सासरी जाते, हे कोणत्या गावात घडत नाही? वंशावळीत तिचे नाव नको, हक्कसोडीला मात्र तिचा अंगठा हवा, ही कुठली रीत?

आणि घराचा इतिहास राखला कोणी? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या लाखाच्या वर भरल्या. माहेर, सासर, दुष्काळ, मुंबईला गेलेला भाऊ, सारे त्यांत आहे. लिहिता येत नव्हते त्यांनी राखले. लिहिता येते ते आपण हरवीत आहोत.

कोणी म्हणेल, ‘‘असे लिहिले तर घरची भांडणे उघड्यावर येतील.’’ येऊ द्या! भावकीचा बांध, सावकाराचे देणे, बहिणीचा बुडविलेला वाटा, हे वगळून लिहिलेला तो कुलवृत्तांत नव्हे. ती लग्नपत्रिका झाली.

भाऊबीजेला बहिणी येतील, आत्या येतील. ओवाळणीच्या ताटात नोट टाकून मोकळे होऊ नका. एक वही घ्या, त्यांना जवळ बसवा आणि त्या सांगतील तसे लिहून घ्या. पहिल्या ओळीवर मूळ पुरुषाचे नाव नसले तरी चालेल. आजीच्या आईचे असू द्या.