भोईवाड्याच्या धोकटीतला दगड: बारीकपणा ठरवणार कोण?

१/ परळच्या बारादेवी मंदिरात एक भव्य शिवशिल्प आहे. १९३१ मध्ये रस्त्याचे खोदकाम चालू असताना ते सापडले. अभ्यासकांनी त्याच्यावर विपुल लिहिले, त्याची प्रतिकृती संग्रहालयात गेली. जवळच्या भोईवाड्यात, किंबहुना साऱ्या गिरणगावात, आणखी एक दगड पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता. त्याच्याविषयी मात्र आपले इतिहासलेखन जवळपास गप्प आहे.

२/ तो दगड म्हणजे न्हाव्याच्या धोकटीतली पथरी, वस्तरा निसण्याचा दगड. बारा बलुतेदारांच्या यादीत न्हावी असतो, त्याचे मानपान असतात, हत्यारांची नावेही असतात. परंतु चांगली पथरी कोणती आणि ती ओळखायची कशी, हे कोणी विचारत नाही. प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण न्हाव्यापाशी होती ती विद्या की नुसती हातसफाई, याचे उत्तर त्यातच आहे.

३/ मुंबईच्या पायाखाली काळा बसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. जात्याला आणि पाट्याला तो उत्तम. तिथे खडबडीतपणाच हवा असतो. म्हणून तर गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावणारे गल्लोगल्ली हिंडत. वस्तऱ्याची गरज नेमकी उलटी. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चांगल्या वस्तऱ्याची धार एका मायक्रॉनहूनही बारीक असते.

४/ यावर एक आक्षेप येतो. आज कारखान्यात बनलेल्या दगडांवर १०००, ४०००, ८००० असे आकडे छापलेले असतात. आकडा जितका मोठा तितके कण बारीक. मग हाताच्या पारखीचे एवढे कौतुक कशाला? कृत्रिम दगडापुरता हा युक्तिवाद बव्हंशी खरा आहे. नैसर्गिक दगडापाशी तो टिकत नाही.

५/ अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात ‘नोव्हॅक्युलाइट’ नावाचा दगड निघतो. नाव आले लॅटिन ‘नोव्हॅक्युला’वरून, म्हणजे वस्तऱ्यावरून. तो सगळा सूक्ष्म गारगोटीचा. त्याच्या मऊ, कठीण, पारभासक अशा प्रती लावतात त्या मुख्यतः घनतेवरून. खनिज तेच, कण किती घट्ट बसले आहेत, यावर धारेचा बारीकपणा ठरतो.

६/ बेल्जियमच्या आर्देन प्रदेशातला पिवळसर ‘कोटिक्यूल’ तर आकड्यांची पंचाईतच करतो. त्यातले गार्नेटचे कण साधारण ५ ते १५ मायक्रॉनचे, म्हणजे हिशेबाने भरडच. तरीही वस्तऱ्यासाठी तो शतकानुशतके नावाजलेला. कारण हे कण बहुपैलू, गोलसर असतात आणि पोलादात खोल रुतत नाहीत. शिवाय दगडावर दगड घासून निघणारा दुधट लगदा दाट ठेवला तर पाते झपाट्याने झिजते. पाणी घालून तो पातळ करत नेला की तोच दगड अधिकाधिक बारीक काम करतो. एकाच दगडाला मग आकडा कोणता द्यायचा?

७/ म्हणून पारख करावी लागते. दगडावर पाण्याचे थेंब टाकावेत: चटकन शोषले गेले तर दगड सच्छिद्र, वर टिकून राहिले तर घट्ट. पाते फिरवताना आवाज ऐकावा: भरड दगडावर ते खरखरते, बारीक दगडावर जवळपास नि:शब्द सरकते आणि शेवटी किंचित धरून ठेवल्यासारखे वाटते. मग पाते उजेडात तिरपे धरून त्यावरच्या रेघा पाहाव्यात.

८/ रेघा जाऊन चकाकी आली म्हणजे काम झाले, असे नव्हे. चकाकणारे पातेही गालावर ओढते. दगडात एखादी कठीण शीर किंवा एकच जाड कण असला तरी धारेला खाच पडते. ती शोधायला ओल्या नखावरून धार अगदी अलगद सरकवतात. जिथे अडखळली तिथे दोष. लोंबता केस धारेला टेकवून तो तुटतो का, तेही पाहतात. पुढे चामड्याच्या पट्ट्यावर परजणे आणि अखेरची कसोटी माणसाच्या कातडीवर.

९/ यात मोजमाप नाही असे कोण म्हणेल? मापन आहे, फक्त मापनयंत्र म्हणजे वर्षानुवर्षे तयार झालेला हात आहे. ‘कोरंडम’ हा युरोपीय खनिजशास्त्रातला शब्द भारतीय भाषांतून गेलेला. आपला कुरुंद तो हाच. कुरुंदाची पूड लाखेत घोळवून धार लावण्याच्या चकत्या इथले कारागीर बनवत. शास्त्राने त्यांचा शब्द उचलला, पण त्यांना शास्त्रज्ञांच्या पंक्तीला बसवले नाही. आपणही बसवले नाही. त्याचे कारण उघड आहे: ते हात कोणत्या जातींचे होते, हे सर्वांना ठाऊक होते.

१०/ याच परळच्या सुपारीबागेत सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. १८९० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. सुधारणेच्या इतिहासात या घटनेची नोंद आहे. पण ज्यांनी वस्तरा खाली ठेवला, ते वस्तऱ्याचे जाणकार होते. तो कसा चालवावा हे ज्यांना सर्वांत नेमके कळत होते, त्यांनीच तो कुठे चालवू नये हे ठरवले.

११/ इथे गतकाळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एचआयव्हीविषयी जागृती झाल्यावर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते आले, बदलत्या पात्याचा वस्तरा रूढ झाला आणि पथरी मागे पडली. हे योग्यच झाले. जातीने लादलेल्या धंद्यातून कोणी बाहेर पडला असेल तर तेही योग्यच. धंदा सुटणे ही मुक्ती असू शकते. त्यातल्या ज्ञानाची नोंदच न होणे हा मात्र अन्याय आहे.

१२/ गिरणगावच्या मौखिक इतिहासात साचे, चाळी, खानावळी आणि १९८२ चा संप यांना जागा मिळाली. केशकर्तनालयांनाही मिळायला हवी. पथरीवर ज्यांनी खरोखर वस्तरे निसले, ते कारागीर आता उतारवयात आहेत. त्यांना विचारायचे प्रश्न साधे आहेत: दगड कसा निवडलात? पाणी किती? कोणाकडून शिकलात? थांबायचे कधी, हे कशावरून कळायचे? हाताची हालचाल चित्रित करावी, दगडाचा आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि सांगणाऱ्याची संमती घेऊन त्याचे नाव जाणकार म्हणून लिहावे.

१३/ नाहीतर उद्या एखाद्या काचेच्या पेटीत मधोमध झिजलेली पथरी दिसेल आणि खाली चिठ्ठी असेल, ‘धार लावण्याचा दगड’. ती झीज कशाने पडली, तिथे हात किती हलका ठेवायचा आणि कुठे थांबायचे, हे त्या चिठ्ठीवरून कोणालाच कळणार नाही.