गिगाहर्ट्झच्या मापात पाप

प्रोसेसरचा वेग विकला जातो एसीच्या दुकानात आणि वापरला जातो पत्र्याच्या छपराखाली. या दोन जागांच्या मधे जो वेग गळून जातो, त्याचे पैसे मात्र आपण पूर्ण मोजलेले असतात, बहुतेकदा हप्त्यांनी. प्रोसेसर मंदावतो ही माझी तक्रार नाही. तो किती मंदावणार हे कंपनीला माहीत असूनही खोक्यावर छापलं जात नाही, ही तक्रार आहे. किराणा दुकानदाराने असं केलं तर आपण त्याला मापात पाप म्हणतो.

आधी प्रोसेसरची बाजू. त्याच्यातले ट्रान्झिस्टर अब्जावधी आहेत, आणि चालू-बंद होताना प्रत्येक जण थोडी वीज खाऊन तिची उष्णता करतो. किती, ते ठरतं वेगावर आणि व्होल्टेजच्या वर्गावर. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून उष्णता वेगाच्या कितीतरी पुढे धावते. उलट, दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले तर ही उष्णता जवळपास निम्मी होते. लॅपटॉपचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःच वेग उतरवतात. हेच थ्रॉटलिंग. ते नसतं तर चिप टिकलीच नसती.

फोनला तर बहुधा पंखाही नसतो. उष्णता जाते ती त्याच्या पाठीतून, आणि ती किती जाणार हे पाठ आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. हातात धरवेल इतपत, म्हणजे ४५ अंशांपर्यंत, पाठ तापू द्यायची असं धरू. २५ अंशांच्या खोलीत फरक झाला २० अंशांचा. आता वसई तालुक्यातलं चांदीप घ्या. मे महिन्याची दुपार, पत्र्याची खोली, आत ३८ अंश. फरक उरला ७. ढोबळ हिशेबाने उष्णतेची बाहेर जायची वाट एक-तृतीयांश झाली. दमट हवेत आपण निदान घामाघूम होतो; फोनला तीही सोय नाही. तो फक्त हळू चालू शकतो.

खुद्द ॲपल आयफोन ० ते ३५ अंशांत वापरायला सांगते. हँडलला फोन अडकवून भर उन्हात विरार ते वसई फिरणारी डिलिव्हरीवाली पोरं या हिशेबात कुठे बसतात?

आता खोकं पाहा. इंटेलच्या कोअर आय५-१२३५यू या लॅपटॉपच्या प्रोसेसरचा जाहिरातीतला आकडा आहे ४.४ गिगाहर्ट्झ. त्याच्या मोठ्या कोअरचा मूळ वेग आहे १.३. दोन्ही आकडे खरे. पण पहिला मोठ्या अक्षरात असतो आणि दुसरा शोधावा लागतो. मोठ्या आकड्यापुढे बारीकसं ‘पर्यंत’ असतं, सेलच्या पाटीवरच्या ‘७० टक्के पर्यंत सूट’सारखं. फोनच्या जाहिरातीत बहुधा तो दुसरा आकडाही नसतो.

कंपन्या आपणहोऊन सांगतील, अशी आशा करण्यासारखा इतिहास नाही. जुन्या बॅटरीचे आयफोन आपण मंद करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं, तेही लोकांनी मोजमापं काढून जाहीर केल्यावर. कारण पटण्यासारखं होतं: थकलेल्या बॅटरीला एकदम जास्त वीज देता येत नाही, फोन बंद पडतो. मग ते आधी का नाही सांगितलं? न सांगण्याबद्दलच २०२० मध्ये फ्रान्सने २.५ कोटी युरोंचा दंड केला. २०२२ मध्ये सॅमसंगचे गॅलक्सी फोन ॲप्सचा वेग दाबतात पण वेग मोजणाऱ्या ॲपला मोकळं सोडतात, हे उघड झालं. गीकबेंचने एस१० ते एस२२ या मालिका आपल्या यादीतून काढल्या, तेव्हा कुठे वापरणाऱ्याच्या हातात बटण आलं.

दोन्ही आकडे सांगता येत नाहीत, असं कुणी म्हणालं तर त्याला पुण्याला पाठवा. सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या ‘टॉप ५००’ यादीत ६३वा आला. त्या यादीत प्रत्येक यंत्राचे दोन आकडे असतात: कागदावरची कमाल क्षमता आणि प्रत्यक्ष चालवून मोजलेली क्षमता. परम सिद्धीचे होते ५.२६७ आणि ४.६ पेटाफ्लॉप्स. क्रम लागतो तो दुसऱ्या आकड्यावर. सरकार महासंगणक घेतं तेव्हा दोन आकडे, आणि चांदीपमधली मुलगी हप्त्यावर लॅपटॉप घेते तेव्हा एकच, हा कुठला न्याय?

‘प्रत्येक घराचं तापमान वेगळं, मोजायचं कसं?’ हा ठरलेला बचाव. पण एसीवरचे तारे काय प्रत्येक घरात जाऊन मोजतात? ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो त्यासाठी बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश धरतो, म्हणजे आपल्या हवेचा विचार करतो. फोनसाठीही हे जमेल. ४० अंशांच्या खोलीत २० मिनिटं पूर्ण भार देऊन चालवा आणि शेवटी किती टक्के वेग उरला ते छापा. २० मिनिटांची अशी चाचणी थ्रीडीमार्कसारख्या ॲपमध्ये आजही आहे. फक्त खोलीचं तापमान ठरवून द्यायचं आहे.

दुसरा बचाव जास्त संतापजनक आहे: चूक तुमचीच. कव्हर काढा, उन्हात वापरू नका, चार्जिंगला लावून गेम खेळू नका. सल्ले खरे आहेत. पण ज्याच्या खोलीत वारा नाही आणि ज्याचं पोट उन्हात फिरण्यावर आहे, त्याला ते ऐकवण्यात अर्थ नाही. वर फोनच्या पाठीला चिकटवायचा पंखा वेगळा विकत मिळतोच. एकदा पैसे मोजलेला वेग मिळवण्यासाठी पुन्हा पैसे मोजा!

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० पासून आहे, १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तेव्हा पुढच्या वेळी फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी दुकानदाराला विचारा, ‘४० अंशांत, वीस मिनिटांनी किती?’ त्याला सांगता येणार नाही, त्याचा दोषही नाही. पण रोज शंभर जणांनी विचारलं, तर तो प्रश्न दुकानातून कंपनीपर्यंत जाईल. एसीवर तारे येऊ शकतात, तर खोक्यावर दुसरा आकडाही येऊ शकतो.