विमान आपले, इंजिन कोणाचे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवाला घेऊन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो होतो. आतल्या आरशांच्या आणि आवाजाच्या गमती पाहून झाल्या आणि बाहेर आवारात आलो, तर स्वारी तिथे ठेवलेल्या जुन्या लढाऊ विमानापाशी जी थांबली ती हलेचना. टोकदार नाक, मागे झुकलेले पंख, लांबट निमुळते धड. साठ वर्षांपूर्वीचे हे विमान आजही जुनाट वाटत नाही.

"आजोबा, हे किती जोरात जायचं?"

"ध्वनीच्या दुप्पट वेगानं जावं म्हणून बनवलं होतं."

मुले शब्दात बरोबर पकडतात. "म्हणजे जात नव्हतं?"

"नव्हतं जात. इंजिन कमी पडलं."

"मग इंजिन का नाही बदललं?"

तिथे उभ्याउभ्या मी काहीतरी अर्धेमुर्धे उत्तर देऊन त्याला आइस्क्रीमच्या दिशेने वळवले. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. उरलेले उत्तर आज लिहितो आहे, कारण तो प्रश्न त्या एका विमानापुरता राहिलेला नाही.

ते विमान म्हणजे एचएफ-२४ 'मारुत'. भारतात आखलेले आणि भारतात बनलेले पहिले जेट लढाऊ विमान. वायुदलाला पन्नाशीच्या दशकात हवे होते ते विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाचे, साठ हजार फुटांपर्यंत चढणारे आणि पाचशे मैलांच्या टापूत मारा करून परतणारे. विमाने आखण्याचा आपला तोवरचा अनुभव म्हणाल, तर 'एचटी-२' हे दोन आसनी, पंख्याचे प्रशिक्षण विमान. तेही काही कमी नव्हते. १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडालेले हे विमान डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी माणसाच्या आखणीतून उतरले होते. घाटगे हे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेले. पुढे 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले आणि आपल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर शिकल्या. मराठी घरांत घाटग्यांचे नाव फारसे निघत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. पण एचटी-२ आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचे लढाऊ विमान यांत सायकल आणि रेल्वे इंजिनाइतके अंतर. म्हणून पंडित नेहरूंच्या सरकारने कुर्ट टांक यांना बोलावले.

टांक हे दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या 'फोके-वुल्फ १९०' चे आखणीकार. जर्मनी हरल्यावर ते अर्जेंटिनात गेले आणि तिथे पेरॉनच्या राजवटीसाठी 'पुल्की-२' हे जेट विमान त्यांनी उडवून दाखवले. १९५५ मध्ये पेरॉनचीच सत्ता गेली. पुढच्या वर्षी टांक आपल्या काही सहकाऱ्यांसह बंगळूरला दाखल झाले. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारखान्यात मोठी विज्ञानशाळा नव्हती की पुरेशी यंत्रसामग्री नव्हती. तरी काम अडले नाही. आधी त्याच आकाराचे एक लाकडी ग्लायडर बांधले, डाकोटा विमानाच्या मागे दोरीने बांधून ते वर नेले आणि सोडले. अशी पाऊणशेच्या वर उड्डाणे करून विमानाचा स्वभाव पारखून घेतला. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खरेखुरे मारुत बंगळूरच्या आकाशात नेले. काम सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत! पुढे आपल्या दुसऱ्या स्वदेशी लढाऊ विमानाला किती वर्षे लागली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पाच वर्षांचे मोल कळेल.

आता इंजिनाकडे. टांक यांनी विमान आखले ते ब्रिस्टल या ब्रिटिश कंपनीच्या 'ऑर्फियस १२' या इंजिनाभोवती. अशी दोन इंजिने बसायची होती आणि मागच्या झोतात पुन्हा इंधन जाळण्याची सोय, म्हणजे आफ्टरबर्नर, धरून प्रत्येकाचा रेटा आठ हजार पौंडांच्या वर जायचा होता. मात्र हे इंजिन तेव्हा पुरते तयारच झालेले नव्हते. युरोपातील ज्या गिऱ्हाइकांवर कंपनीची भिस्त होती त्यांनी अंग काढून घेतले, तेव्हा उरलेल्या विकासाचा खर्च भारताने उचलावा असा प्रस्ताव आला. दिल्लीने तो नाकारला. मग 'नॅट' विमानांसाठी ऑर्फियसचे जे साधे रूप आपल्याकडे येत होते, त्याचाच भाऊबंद मारुतला बसवला. आफ्टरबर्नर नाही, रेटा प्रत्येकी ४,८५० पौंडांच्या आसपास. ट्रकच्या सांगाड्यात मोटारीचे इंजिन घालावे तसा हा प्रकार. विमान ध्वनीच्या वेगापाशी जाऊन धापा टाकू लागले.

नकार देणाऱ्यांना आज मूर्ख ठरवणे सोपे आहे. तेव्हा परकीय चलनाची टंचाई होती, धान्य बाहेरून आणावे लागत होते, आणि दुसऱ्याच्या देशात तिसऱ्याने सोडून दिलेल्या इंजिनावर पैसे घालायचे कसे, हा प्रश्न कोणत्याही हिशेबी माणसाला पडला असता. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या नकाराबरोबर 'मग आपले आपण बनवू' असाही निर्णय तितक्याच गांभीर्याने आणि तितक्याच पैशानिशी व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्याऐवजी सुरू झाली इंजिनासाठी दारोदार वणवण.

या वणवणीतला एक अध्याय तर कादंबरीत शोभावा असा आहे. इजिप्तमध्ये नासर यांनीही जर्मन आणि ऑस्ट्रियन तज्ज्ञ बोलावून लढाऊ विमान बनवायला घेतले होते. विमानाची आखणी विली मेसरश्मिट यांची, इंजिन फर्डिनंड ब्रांडनर यांचे. त्यांचे इंजिन मारुतला चालेल, असा दोन्ही देशांचा बेत ठरला. १९६४ मध्ये इजिप्तचे ते विमान पहिल्यांदा उडवले ते कपिल भार्गव या भारतीय चाचणी वैमानिकाने. आपले एक मारुत इजिप्तला गेले आणि १९६७ मध्ये त्यांचे इंजिन घेऊन तिथे उडालेही. त्याच वर्षी जूनमध्ये इस्राएलशी युद्ध झाले, इजिप्तचे वायुदल जमिनीवरच मोडले आणि पुढे दोन वर्षांत तिथला सगळा प्रकल्प गुंडाळला गेला. आपले इंजिनही त्याबरोबर गेले.

इकडे १९६२ मध्येच सोव्हिएत 'मिग-२१' चा करार झालेला होता. ते विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जात होते, मोजक्या किमतीत मिळत होते आणि भारतात जोडायलाही मिळत होते. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओरिसात कोरापूटला. ओझरच्या त्या कारखान्याने नाशिक जिल्ह्यातल्या किती घरांत चुली पेटत्या ठेवल्या, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. पण परवान्यावर यंत्र जोडणे म्हणजे दुसऱ्याच्या वहीतली गणिते सुवाच्य अक्षरात उतरवून काढणे. उत्तर बरोबर येते. ते तसे का येते, हे मात्र वही देणारा सांगत नाही. आणि तयार विमान हाताशी आल्यावर मारुतच्या इंजिनासाठी जीव टाकण्याची निकडही उरली नाही.

तरी बंगळूरच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडण्याचा प्रयत्न केला. तसे एक मारुत घेऊन १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास उडाले आणि विमान कोसळून मृत्यू पावले. हेच विमान आठ वर्षांपूर्वी ज्याने पहिल्यांदा उडवले, तोच माणूस त्याचा अपुरेपणा घालवण्याच्या प्रयत्नात गेला. बंगळूरला विमान कारखान्याजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. रोज हजारो माणसे तिथून ये-जा करतात.

एवढे होऊनही मारुत हे वाईट विमान नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवे. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्याने शत्रूच्या रणगाड्यांवर आणि रसदीवर खाली उतरून मारा केला. एक इंजिन बंद पडल्यावर दुसऱ्यावर ते घरी आले. हवाई झुंजीत एकही मारुत पडले नाही, उलट स्क्वाड्रन लीडर बक्षी यांनी एक सेबर पाडले. एकूण १४७ मारुत बनली आणि १९९० च्या सुमारास ती सेवेतून गेली. एक मारुत म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमच्या विमान विभागात मानाने ठेवलेले आहे. जर्मनांना ते टांक यांचे विमान म्हणून आपले वाटते.

इंजिन एवढे अवघड का, असे घरातले कोणी विचारील. जेट इंजिनात जळणाऱ्या वायूचे तापमान त्यात फिरणाऱ्या पात्यांच्या धातूच्या वितळणबिंदूच्या वर जाते. उकळत्या कढीत मेणाची पळी ढवळायची आणि ती वितळू द्यायची नाही, असे समजा. त्यासाठी निकेलची मिश्रधातू अशी ओतायची की सबंध पाते एकाच स्फटिकाचे व्हावे. पात्याच्या पोटातून बारीक वाटा काढून थंड हवा खेळवायची. आणि ते पाते मिनिटाला हजारो फेरे घेत हजारो तास टिकवायचे. ही विद्या पुस्तकात नसते. ती इंजिने जाळून, फोडून, पुन्हा बनवून येते. ज्यांनी फोडली त्यांच्याच हातात राहते, आणि ते हात निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर जाते.

मारुतनंतर आपण नेमके हेच होऊ दिले. १९६१ मधल्या त्या उड्डाणानंतर पुढचे लढाऊ विमान आखायचे काम उभे राहिले ते १९८३-८४ मध्ये. मधल्या काळात टांक मायदेशी परतले, त्यांच्या हाताखाली तयार झालेली तरुण मुले साहेब झाली आणि काही पेन्शनीतही गेली. 'तेजस' आखणाऱ्यांना बरेचसे पुन्हा पहिल्या धड्यापासून गिरवावे लागले. या वेळी मात्र इंजिन बनवायचे ठरले. 'कावेरी' प्रकल्पाला १९८९ मध्ये सुमारे ३८३ कोटी रुपये मंजूर झाले. वजन हवे त्याहून जास्त भरले, रेटा कमी पडला, खर्च कितीतरी पटींनी वाढला. उंचावरच्या हवेत इंजिन पारखण्याची सोय आपल्याकडे नव्हती म्हणून चाचण्या रशियात कराव्या लागल्या. २००८ मध्ये कावेरीला तेजसपासून वेगळे काढले. तेजस ४ जानेवारी २००१ रोजी उडाले ते जनरल इलेक्ट्रिकच्या अमेरिकन इंजिनावर, आणि तेच इंजिन त्याच्यात कायम झाले.

कावेरीची आपण यथेच्छ टिंगल केली. माझ्या पिढीच्या सुशिक्षित माणसांनी तर फारच. मला वाटते, ती टिंगल चुकीची होती. ठपका ठेवायचा तर तो, १९६० पासून मधली तीसेक वर्षे थातुरमातुर तरतुदीवर काढली यावर ठेवायला हवा. कावेरी पहिल्या प्रयत्नात फसले यात लाजिरवाणे काही नाही. चीनचे पहिले मोठे इंजिनही वर्षानुवर्षे फसत होते आणि तोवर तेही रशियन इंजिनांवरच उडत होते. त्यांनी प्रयत्न थांबवला नाही, एवढाच काय तो फरक.

दुसरी एक सवय आपल्याला आहे. परक्यांनी अडवले, असे म्हणून मोकळे व्हायचे. अडवले हे खरेच. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेत तेजसवर काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवले गेले. पण इंजिन ही काही शेजाऱ्याकडून मागून आणायची वाटीभर साखर नव्हे. विकणारा आपल्या सोयीने विकणार. २०२१ मध्ये आपण ८३ सुधारित तेजस विमानांची मागणी नोंदवली आणि त्यांसाठी ९९ अमेरिकन इंजिने मागवली. त्यांतले पहिले हाती पडले मार्च २०२५ मध्ये, वेळापत्रकाच्या दीड-दोन वर्षे उशिरा. तोवर बंगळूरला विमाने इंजिनाची वाट पाहत उभी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ ची शेवटची तुकडी निवृत्त झाली. विमाने जुनी होतात ती कोणाच्या इंजिनासाठी थांबत नाहीत, आणि अपुऱ्या तुकड्यांचे ओझे शेवटी वाहतो तो पंचवीस-तीस वर्षांचा वैमानिक. आपल्या ओळखीतल्या कोणाचा तरी मुलगा.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बनलेले पहिले तेजस नाशिकच्या आकाशात उडाले. वर्तमानपत्रांत मोठी छायाचित्रे आली, ती यायलाच हवी होती. मलाही आनंद झाला. त्याच वर्षी संरक्षणमंत्र्यांनी सांगितले की फ्रान्सच्या साफ्रां कंपनीबरोबर पुढच्या पिढीच्या विमानासाठी नवे इंजिन भारतात विकसित करायचे आहे. या घोषणेवर टाळ्या वाजवण्याआधी काही साधे प्रश्न विचारायला हवेत. पात्यांचा धातू ओतण्याची विद्या आपल्याला मिळणार, की पुन्हा सुवाच्य अक्षरात वही उतरवायची? उंचावरच्या चाचणीची सोय या देशात केव्हा उभी राहणार? आणि पहिले इंजिन चाचणीच्या बाकावर फुटले की दुसऱ्यासाठी पैसे आधीच बाजूला ठेवलेले असतील का? संसदेत हे प्रश्न कोणी विचारले तर त्याला देशद्रोही म्हणू नये.

नातवाला परवा फोनवर यातले बरेचसे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता बनवायला किती वर्षं लागतील?" मी म्हणालो, दहा-बारा तरी धर. तो अकरा वर्षांचा आहे. "म्हणजे तेव्हा मी कॉलेज संपवलेलं असेल," तो म्हणाला आणि फोन आईकडे दिला.