चालतंय!

आपल्या बोलण्यातला एक शब्द मला अलीकडे फार घातक वाटायला लागला आहे. शिवी नाही, शाप नाही, साधा रोजचा शब्द: ‘चालतंय’. गाडीचं चाक फिरतंय, तेही ‘चालतंय’. आणि जे जसं आहे तसं खपवून घ्यायचं ठरवलं, तेही ‘चालतंय’. एका अर्थाने विचारलेल्या प्रश्नाला आपण दुसऱ्या अर्थाने उत्तर देतो आणि मोकळे होतो. परीक्षेत असा घोळ केला तर फार तर दोन गुण जातात. जुन्या डिझेल पिकअपच्या बाबतीत केला तर माणसं जातात. तेव्हा मंडळी, आजचा सूर जरा भांडखोर असणार आहे, आधीच सांगून ठेवते.

माझ्या भाच्याने एक जुनी पिकअप घेतली. २०१६ सालची, साडेचार लाखांना. जुन्नरकडची शेतं, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आणि माळशेज घाट उतरून वाशीचं मार्केट, असा तिचा धंदा. गाडी दारात आली, पूजा झाली, पेढे वाटले. पहिल्या आठवड्यात तिच्यावर खर्च काय झाला? पुढच्या काचेवर कुलदैवताचं नाव, मागे लेकीचं नाव, नवा हॉर्न, एलईडीच्या माळा आणि गाणी वाजवायची व्यवस्था. एकूण एकोणीस हजार. मी विचारलं, “ऑइल बदललंस का रे?” तर म्हणतो, “आत्या, चालतंय की. आधीच्या मालकाने आत्ताच केलंय.”

आत्ताच म्हणजे कधी? किती किलोमीटरला? कोणत्या गॅरेजमध्ये? बिल कुठे आहे? एकाही प्रश्नाला उत्तर नाही. गाडीची माहितीपुस्तिका मात्र पुढच्या कप्प्यात होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पान न पान कोरं. ‘आत्याला गाडीतलं काय कळतंय’ असं घरात दोघांनी म्हटलं. खरं आहे, मी गाडी चालवत नाही. पण मला वाचता येतं, आणि ती पुस्तिका मी दोन दुपारी बसून वाचली. उरलेलं एका जुन्या फिटरला विचारून घेतलं. आपल्याकडे शिकलेल्या माणसालाही स्वतःच्या गाडीची पुस्तिका वाचणं कमीपणाचं वाटतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुनी गाडी घेताना आपण नुसती गाडी घेत नाही, आधीच्या मालकाची थकबाकीही घेतो. त्याने न बदललेलं ऑइल, न मारलेलं ग्रीस, पुढे ढकललेले ब्रेक, सगळं आपल्या नावावर चढतं. ही थकबाकी पहिला माल भरण्याआधी फेडायची. नंतर नाही, ‘सीझन झाला की’ नाही, आधी. आणि हिशोबाचा नियम साधा ठेवायचा: ज्याची नोंद नाही, ते झालेलं नाही. हजेरीपटावर खूण नसेल तर मूल गैरहजरच धरतात ना? तसंच.

आता थकबाकी कोणत्या क्रमाने फेडायची? इथेही आपण उलटे. खर्च करायचाच झाला तर लोक आधी गाडी पळावी म्हणून करतात. मी म्हणते, आधी ती थांबावी म्हणून करा.

ब्रेक ऑइलचंच घ्या. ते हवेतलं बाष्प शोषून घेतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट ३ प्रकारचं कोरं ब्रेक ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. आता भरलेली गाडी घाट उतरते आहे, ड्रायव्हरचा पाय सारखा ब्रेकवर आहे, ब्रेक तापले आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. सपाट रस्त्यावर हेच ब्रेक ‘चालत’ होते. घाटात त्यांची परीक्षा होते, आणि तिथे फेरपरीक्षा नसते.

दुसरी गोष्ट, डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे महाभाग. ब्रेकला जोर देणारा जो बूस्टर असतो, तो बहुतेक पिकअपमध्ये निर्वातावर चालतो. डिझेल इंजिनात हा निर्वात एक वेगळा पंप तयार करतो, आणि इंजिन बंद म्हणजे पंप बंद. दोनतीनदा पेडल दाबलं की साठलेला जोर संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. गिअरमध्ये असलेलं इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं, तेही गेलं. वाचलेलं डिझेल किती, तर पेलाभर.

तिसरे टायर. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला टायर. हे वाचायला कोणी फिटर लागत नाही. विकणाऱ्याने काळं पॉलिश मारून चकाकी आणलेला टायर दहा वर्षांचा निघू शकतो. स्टिअरिंगचे सांधे, चाकांची बेअरिंग, पाट्यांच्या पिना आणि हँडब्रेक हेही याच पहिल्या यादीत.

त्यानंतर इंजिन. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा दाबून इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणजे सगळा खेळ हवेचा, आणि आपण एअर फिल्टर बदलायचा कंटाळा करतो. शेतरस्त्याची धूळ आत गेली की रिंगा आणि सिलिंडर घासून काढते. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. मोटारीच्या टायरमधली हवा असते अडीच बारच्या आसपास, यावरून कल्पना करा. तो दाब देणाऱ्या पंपाला वंगण असतं ते खुद्द डिझेलचंच. त्यात पाणी शिरलं की पंप आणि इंजेक्टर दोन्ही खलास. म्हणून डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू दिलेला असतो. माझ्या भाच्याच्या गाडीचा तो स्क्रू इतका गंजला होता की पान्ह्याला दाद देईना. कधी उघडलेलाच नाही!

रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी. गीझरच्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो तो आपण पाहतो, बादलीभर पाणी तापायला वेळ लागला की कुरकुरतो, आणि तेच पाणी इंजिनाला पाजतो. मग गाडी तापते. मग एखादा फिटर थर्मोस्टॅट काढून फेकतो आणि म्हणतो, “आता बघा, काटा वर जातच नाही.” जाणार कसा? इंजिन आता नीट तापतच नाही, डिझेल जास्त पितं आणि झिजतंही जास्त. रोग तसाच, फक्त थर्मामीटर फोडला.

फिटर मंडळींचं एक वाक्य मी नेहमी ऐकते: “चालत्या गाडीला हात लावू नये.” त्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या इंजिनात फ्लशचं औषध ओतलं तर साचलेला गाळ सुटून ऑइलच्या वाटा तुंबू शकतात. पण यातून ‘काहीच करू नका’ असा निष्कर्ष निघत नाही. फ्लश नको असेल तर ऑइल आणि फिल्टर आज बदला, हजारभर किलोमीटरने पुन्हा बदला, गाळ हळूहळू निघेल. आजाऱ्याला जड औषध सोसत नाही म्हणून कोणी त्याला उपाशी ठेवत नाही.

“पण बाई, गाडी पास आहे ना!” हा पुढचा युक्तिवाद. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दर वर्षी फिटनेस करून घ्यावी लागते, हा नियम चांगलाच आहे. पण ती तपासणी एका दिवसाची. त्या दिवसापुरती चांगली चाकं उसनी आणून लावणारे लोक आपल्याच गावात असतात, आणि त्यांना आपण हुशार म्हणतो. पीयूसीचा कागद तर फक्त धुराबद्दल बोलतो, ब्रेकबद्दल तो एक अक्षर सांगत नाही. कागद पास झाला म्हणजे गाडी पास झाली असं नाही. कॉप्या करून पास झालेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा. “कर्ज काढून गाडी घेतली, हप्ता सुरू झाला, देखभालीला पैसा कुठून आणायचा?” हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. हप्ता चुकला की झोप उडते, हे घरात पाहिलेलं आहे. पण आमच्या गाडीची थकबाकी फिटरने मांडली ती टायर सोडून बावीस हजार: सगळी ऑइलं, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक शू, बेल्ट, ग्रीस. हॉर्न, माळा आणि गाण्यांवर गेले एकोणीस हजार. म्हणजे पैसा नव्हता असं नाही, पैसा दिसणाऱ्या जागी गेला. ब्रेक ऑइल बदललं तर शेजारी ‘वा’ म्हणत नाहीत. आणि ज्याच्याकडे खरोखरच पैसा नाही, त्याने चार लाखांची चकचकीत गाडी घेण्याऐवजी पावणेचारची घ्यावी आणि उरलेले पंचवीस हजार तिच्या पोटात घालावेत. गाडीची किंमत आणि थकबाकी मिळून गाडी पडते. विकणारा फक्त पहिला आकडा सांगतो.

आपण असे नव्हतो हो. बैलगाडीच्या काळात साटीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी व्हायची, बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लागायचं. खांदा सुजलेला बैल जुंपला तर गावातली म्हातारी माणसं चारचौघांत बोलायची, आणि जुंपणाऱ्याला ऐकून घ्यावं लागायचं. खंडेनवमीला अवजारं पुजायची म्हणजे आधी घासायची, पुसायची, धार लावायची. आज दसऱ्याला बोनेटवर झेंडूचा हार पडतो, पण बोनेट उघडलं जात नाही. लिंबू-मिरची दर शनिवारी नवी, ब्रेक ऑइल मात्र पहिल्या मालकाच्या वेळचं! श्रद्धेला माझा विरोध नाही. हातासरशी बोनेटही उघडा एवढंच म्हणते.

हे सगळं मी फक्त टोमॅटोसाठी लिहीत असते तर इतकी तळमळले नसते. पण आपल्याकडे पिकअपच्या हौद्यात माणसं बसतात. तोडणीच्या बाया, लग्नाचं वऱ्हाड, देवदर्शनाला निघालेली भावकी. तो हौदा मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, तरी बसतात. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप घाटात खाली कोसळली आणि कितीतरी घरांतल्या बाया गेल्या. त्या अपघाताचं कारण ठरवणं माझं काम नाही. पण अशा हौद्यात बसणाऱ्या बाईला ‘ब्रेक कधी केलेत?’ हे विचारायची सोय नसते. ती मजुरीला निघालेली असते, बस म्हटलं की बसते. तिच्या वतीने हा प्रश्न विचारणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि मालक विचारत नसेल तर त्याच्या घरच्यांचं.

भाच्याने आतापर्यंत ब्रेक, ऑइलं आणि फिल्टर उरकले आहेत. टायर राहिलेत. त्यावरून आमचं बोलणं सध्या जरा तुटक आहे. असू दे. दोन टायरचे पैसे मी देते म्हटलंय, अट एकच: टायर बसेपर्यंत हौद्यात एकही माणूस बसवायचा नाही. आणि एक दोनशे पानी वही दिली आहे. तारीख, किलोमीटर, काय बदललं, बिल नंबर. पहिलं पान मी आखून दिलंय.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी जुनी गाडी येणार असेल तर पेढा जरूर खा. पण पेढा हातात घेण्याआधी एवढं विचारा: “ब्रेक ऑइल कधी बदललंस?” आणि उत्तर ‘चालतंय’ असं आलं, तर पेढा परत ताटात ठेवा.