दूरशिक्षकांच्या परिषदा कोणासाठी?

दूरशिक्षणात विद्यार्थी शिक्षकापासून दूर असतो, हे सर्वज्ञात आहे. शिक्षकही शिक्षकापासून दूर असतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते. पाठ लिहिणारा एकीकडे, संपर्कसत्र घेणारा समंत्रक दुसरीकडे आणि स्वाध्याय तपासणारा तिसरीकडे. महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात सहज घडणारी चर्चा येथे परिषदेवाचून घडत नाही.

ही गरज जगाने लवकर ओळखली. पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९३८ मध्ये कॅनडातील व्हिक्टोरिया येथे भरली. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये, तर मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये या पद्धतीस आरंभ केला. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याची अभ्यासकेंद्रे प्रामुख्याने अन्य महाविद्यालयांतच चालतात व तेथील अध्यापक आपले नित्याचे काम सांभाळून समंत्रकाची भूमिका बजावतात.

विद्यार्थी कोठे अडखळतो, हे याच समंत्रकाला कळते. परिषदांचे व्यासपीठ मात्र बहुधा संचालक व तंत्रज्ञांच्या वाट्याला येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनंतर मान्यतेचा प्रश्न महत्त्वाचा ठरला, हे खरे. तथापि मान्यता मिळाल्याने न समजलेला पाठ समजत नाही.

जुहूच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या आवारात दूरशिक्षण केंद्र आणि शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग शेजारी नांदतात. समंत्रकांना प्रवासखर्चासह सन्मानाने बोलावून, तपासलेले स्वाध्याय समोर ठेवून चर्चा घडवण्यास याहून सोयीची जागा कोणती? अशी परिषद भरली, तर तिचा लाभ थेट विद्यार्थ्यापर्यंत पोहोचेल.