दप्तराच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला?

सीमाभागातील मराठी माणसाचा लढा जितका रस्त्यावर लढला गेला, तितकाच तो कागदावर लढला गेला आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चार सूत्रे आम्ही मांडली, ती जनगणनेच्या कोष्टकांच्या आणि गावोगावच्या जुन्या कागदांच्या बळावर. १९६७ सालच्या महाजन अहवालाचा प्रतिवाद आम्ही कागदांनीच केला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यालाही कागदच लागले.

आज हे कागद छायाचित्रित होऊन गूगल ड्राइव्हसारख्या क्लाउड कोठारांत जात आहेत. उत्तम! तेथे वाळवी पोहोचत नाही. परंतु कोठार बदलले म्हणून कोठाराची शिस्तही सोडावी, असे कोणी सांगितले?

पुष्कळ ठिकाणी चाललेला प्रकार असा : एखादा उत्साही तरुण स्वतःच्या खाजगी खात्यात सारे दप्तर चढवितो आणि ‘लिंक असलेला कोणीही’ अशी मोकळीक देऊन ती लिंक गटागटांतून फिरवितो. त्या कोठारात वाचणारा, शेरा मारणारा आणि संपादक असे तीन दर्जे आहेत. पैकी संपादकपद लिंकवाल्या प्रत्येकाला बहाल झाले की नाव न सांगता आत शिरून गावाच्या कोष्टकातील आकडा फिरविणे हा क्षणाचा खेळ होतो. आम्हांला संपादक व्हायला उमेदवारी करावी लागली. येथे ते पद वाटेवर पडले आहे! शिवाय जो नावाने संपादक नेमला जातो, त्याला आणखी कोणाला आत घ्यावयाचे हे ठरविण्याची मुभा, मालकाने मुद्दाम काढून घेतली नाही तर, आपोआप मिळते.

आणि मालक कोण? ज्याच्या खात्यात कागद, तो. त्याने रागाच्या भरात ते टाकून दिले, तर तीस दिवसांनी कचरापेटीही रिकामी होते. दोन वर्षे न उघडलेले खाजगी खाते कागदपत्रांसह काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ सालीच जाहीर केले आहे. सबंध गावाचा पुरावा एका माणसाच्या नोकरीवर, रुसव्यावर अथवा आयुष्यावर टांगून ठेवायचा काय?

“आपलीच माणसे आहेत, अविश्वास कशाला?” असे विचारणारे भेटतात. त्यांना आमचा उलट प्रश्न आहे : समितीच्या वर्गणीचा हिशेब तपासता, तेव्हा खजिनदाराचा अपमान होतो काय?

सगळ्यालाच टाळे ठोका, असे आमचे म्हणणे नाही. पेशवे दप्तर इंग्रजांनी कुलपात ठेवले आणि आपले संशोधक वर्षानुवर्षे दाराशी तिष्ठत राहिले. रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघू लागले, ते १९३० साली. तो करंटेपणा आपण गिरवू नये. वाचण्याचा हक्क सर्वांना, फेरफाराचा हक्क ठरावाने नेमलेल्या दोघा-तिघांना, आणि मालकी समितीच्या खात्याची, हाच न्याय होय. पदाधिकारी बदलला की त्याच दिवशी त्याचा अधिकार काढावा, वर्षातून एकदा सारी यादी सभेत वाचावी, आणि एक प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी.

येत्या १७ जानेवारीला १९५६ च्या हुतात्म्यांपुढे मस्तक नमविण्यापूर्वी प्रत्येक गावाने एवढा ठराव केलाच पाहिजे. ज्या कागदांवर आपण न्याय मागतो, त्यांचे रक्षण आपणच केले नाही, तर दोष कोणाला देणार?